मागून आलेली सहकारी आधी हेडक्लार्क झाली, तर?

तुमचा प्रश्न लांब आहे आणि रागात लिहिलेला आहे, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही गोवा सरकारच्या एका खात्यात २००४ साली एलडीसी (कनिष्ठ लिपिक) म्हणून लागलात, २०१४ मध्ये यूडीसी (वरिष्ठ लिपिक) झालात. यूडीसींच्या ज्येष्ठता यादीत तुमचा नंबर दुसरा. गेल्या महिन्यात हेडक्लार्कची एक जागा भरली आणि ती गेली सहाव्या नंबरवरच्या, तुमच्यानंतर पाच वर्षांनी लागलेल्या एसटी सहकारी बाईंना. तुम्ही भंडारी समाजातले, म्हणजे ओबीसी, पण बढतीत त्याचा उपयोग शून्य. तुम्ही विचारता: घटनेत सगळे समान, मग हे बसतं कसं? कोर्टात गेलो तर टिकेल का? आणि परवापर्यंत जिला नावाने हाक मारत होतो, तिच्यापुढे आता मॅडम म्हणत फाइल ठेवायची, हे जमवायचं कसं?

माझी बहुतेक नोकरी आस्थापना शाखेत गेली. ज्येष्ठता याद्या, डीपीसीच्या (बढती ठरवणाऱ्या समितीच्या) फायली, रोस्टरची वही (कितवी जागा कोणत्या प्रवर्गाची, याचा तक्ता), हेच काम. आता फोंड्याला घरी असतो आणि कर्मचाऱ्यांना निवेदनं लिहून देतो, खुल्या वर्गातल्यांना आणि एसटी-एससींनाही. कोणी असं गाऱ्हाणं घेऊन आलं की मी पहिल्यांदा एकच विचारतो: ती जागा रोस्टरच्या कितव्या बिंदूवर, म्हणजे कितव्या क्रमांकावर पडली? बहुतेकांना ठाऊक नसतं. तुमच्या प्रश्नातही ते नाही, आणि सगळं उत्तर त्याच्यावर अडून आहे. बिंदू एसटीचा असेल आणि वही सरळ ठेवलेली असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तुमच्यावर अन्याय झालेला नाही. बिंदू खुला असेल किंवा वहीच वाकडी असेल, तर तुमची केस आहे. मात्र ती केस खात्याच्या कारभाराविरुद्धची असेल. आरक्षणाशी भांडायला गेलात तर पहिल्याच तारखेला हराल.

असं का, ते सांगतो. कलम १६(१) सरकारी नोकरीत समान संधी देतं. बढतीच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की तुम्ही पात्र असाल तर तुमचा विचार झाला पाहिजे. बढती मिळालीच पाहिजे असा हक्क कोणाचाच नाही, तुमचा नाही आणि त्या बाईंचाही नाही. १९९२ मध्ये इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी नोकरभरतीतलं आरक्षण उचलून धरलं, पण बढतीत ते नको म्हटलं. त्यावर संसदेने १९९५ साली ७७वी घटनादुरुस्ती करून कलम १६(४अ) घातलं: एससी आणि एसटी यांचं सेवेत पुरेसं प्रतिनिधित्व नाही असं राज्याचं मत असेल, तर राज्य त्यांना बढतीत आरक्षण देऊ शकतं. 'देऊ शकतं', द्यायलाच हवं असं नाही. २००६ मध्ये नागराज खटल्यात पाच न्यायाधीशांनी ही दुरुस्ती वैध ठरवली, पण आकडेवारी गोळा करण्याची अट घातली. २०१८ मध्ये जर्नेल सिंग खटल्यात त्यातला एक भाग काढून टाकला: एससी-एसटी मागास आहेत हे पुन्हा सिद्ध करायला नको. प्रतिनिधित्व कमी आहे हे मात्र आकड्यांनी दाखवायला हवं. २०२० साली उत्तराखंडच्या मुकेश कुमार प्रकरणात कोर्टाने स्पष्ट केलं की बढतीतलं आरक्षण हा मूलभूत हक्क नव्हे, राज्याला ते न देण्याचीही मोकळीक आहे. आणि २८ जानेवारी २०२२ च्या निकालात सांगितलं की प्रतिनिधित्व मोजायचं ते केडरवार, म्हणजे एकेका पदाच्या संवर्गानुसार. अख्ख्या खात्याचा किंवा गट 'क'चा मिळून ढोबळ आकडा चालणार नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ओबीसींचंही इथेच उरकतो, कारण भंडारी समाजातले बरेच कर्मचारी हाच प्रश्न घेऊन येतात. १६(४अ) मध्ये फक्त एससी आणि एसटी आहेत. गोव्यात ओबीसींना २७ टक्के आहेत ते सरळ भरतीत. आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्केही तिथेच. बढतीच्या रोस्टरवर ओबीसी बिंदूच नसतो, म्हणजे तिथे तुम्ही खुल्याच वर्गात. हे तुम्हाला पटत नसेल तर तो राजकीय मुद्दा आहे, संघटनेच्या व्यासपीठावरून जरूर मांडा. निवेदनात लिहू नका. निवेदन वाचणारा अवर सचिव घटना बदलू शकत नाही, आणि तुमचा खरा मुद्दा त्या एका परिच्छेदाखाली गाडला जातो.

आता गोव्याचं, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ मला तिथेच दिसतं. तुम्ही लिहिलंय, 'इतकी वर्षं असं काही नव्हतं, आताच हे सुरू झालं.' तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि त्याला कारण आहे. २००१ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या होती ५६६. पूर्ण राज्यात. २०११ च्या जनगणनेत ती १,४९,२७५ झाली, म्हणजे सव्वादहा टक्क्यांच्या आसपास. मधल्या दहा वर्षांत माणसं वाढली नाहीत, यादी बदलली. काणकोण, केपे, सांगे, धारबांदोडा, फोंडा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे गावडा, कुणबी आणि वेळीप २००३ च्या जानेवारीत एसटीच्या यादीत आले. त्याआधी गोव्याच्या यादीत धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी, वारली अशी नावं होती, आणि कचेऱ्यांतल्या रोस्टरवर एसटीचा रकाना जवळजवळ कोराच असायचा.

या तारखेचा बढतीवर काय परिणाम होतो बघा. एसटी राखीव जागेवर एलडीसी म्हणून माणसं लागायला लागली ती २००३ नंतर, आणि जाहिरात, परीक्षा, मुलाखत यांचा आपल्याकडचा वेग धरला तर बऱ्याच खात्यांत त्याच्याही काही वर्षं पुढे. एलडीसीचा यूडीसी व्हायला, यूडीसीचा हेडक्लार्क व्हायला ठरावीक वर्षांची सेवा लागते. म्हणजे वरच्या पदावरचा एसटी बिंदू कागदावर आधीपासून आहे, पण त्यावर बसायला पात्र माणूसच खालच्या केडरमध्ये नव्हता. तो बिंदू रिकामा पुढे ढकलला गेला. आता ती पहिली फळी पात्रतेला पोचली आहे आणि तुंबलेले बिंदू एकामागून एक सुटताहेत. साहजिकच ही माणसं ज्येष्ठता यादीत मधे किंवा खाली आहेत, कारण ती उशिरा आली. तुमच्या सहकारी बाई २००९ च्या. सहाव्या नंबरवर असूनही त्या कदाचित तुमच्या यादीतल्या सगळ्यांत ज्येष्ठ एसटी यूडीसी असतील. तुमच्या पाच वर्षांशी त्यांची तुलना केली तर ते विचित्र दिसतं. तुमच्या खात्यात आजवर किती एसटी हेडक्लार्क झाले हे मोजलं तर तेवढं विचित्र दिसत नाही.

रोस्टर कसं चालतं ते आता नीट बघू. गोव्यात एसटीला १२ टक्के आणि एससीला २ टक्के. बढतीसाठी तुमच्या खात्याला लागू असलेल्या आदेशात टक्का किती आहे तो तपासा, पण गणितासाठी हेच धरतो. केंद्राची पद्धत अशी: पदाच्या क्रमांकाला टक्क्याने गुणत जायचं, पूर्णांक जिथे ओलांडला जातो तिथे बिंदू. १२ टक्क्यांनी नवव्या पदाला १.०८ येतात, म्हणून नववा बिंदू एसटीचा. मग सतरावा, मग पंचविसावा. एससीचे २ टक्के, म्हणून पहिला बिंदू थेट पन्नासावा. प्रत्यक्ष वहीत एखादा बिंदू पुढेमागे दिसेल, पण तत्त्व हे.

तुमच्या खात्यात हेडक्लार्कची पदं सहा आहेत असं समजा. सहाच्या केडरमध्ये नववा बिंदू येणार कसा? छोट्या केडरला, म्हणजे १३ पदांपर्यंत, एल आकाराचं रोस्टर असतं. सुरुवातीच्या सहा माणसांनी १ ते ६ बिंदू भरले. त्यानंतर त्या सहांपैकी कोणीही निवृत्त झालं, वर गेलं, वारलं, की जी जागा रिकामी होते ती सातवा बिंदू. पुढची रिकामी झालेली आठवा. त्याच्या पुढची नववा, म्हणजे एसटी. कोणाच्या जागी, याला महत्त्व नाही, कितव्या वेळी याला आहे. तुमच्या खात्यातले जे हेडक्लार्क निवृत्त झाले ते खुल्या वर्गातले होते आणि त्यांच्या जागी एसटी आली, म्हणून 'आमची जागा खाल्ली' असं म्हणणारे भेटतील. छोट्या केडरमध्ये हा युक्तिवाद चालत नाही. मोठ्या केडरमध्ये मात्र उलट असतं: रोस्टर एकदा पूर्ण भरलं की ज्या बिंदूवरचा माणूस जातो, त्याच प्रवर्गाचा माणूस त्या जागी यायला हवा. १९९५ च्या सभरवाल निकालाने हे ठरवलं आणि केंद्राने २ जुलै १९९७ च्या आदेशाने रिक्त जागांवर आधारलेलं जुनं रोस्टर बंद करून पदांवर आधारलेलं आणलं. पदच एकटं असेल, केडरमध्ये एकच जागा असेल, तर आरक्षण लागूच होत नाही, हेही १९९८ पासून पक्कं आहे.

याच गणितातून एक गोष्ट दिसते, जिच्याबद्दल गोव्यात फारसं कोणी बोलत नाही. पन्नासाव्या बिंदूवर येणारा एससी कर्मचारी छोट्या केडरमध्ये आरक्षणातून कधीच वर सरकत नाही, कारण तिथलं रोस्टर तेवढं लांब जातच नाही. आपल्याकडची खाती लहान, केडर त्याहून लहान. एखाद्या खात्याने बिंदू पुढे आणून वाट काढली असेल तर ती वहीत दिसेल. नसेल काढली, तर कागदावरचे २ टक्के त्या केडरपुरते कागदावरच राहतात. तुमच्या खात्यात कोणी महार किंवा चांभार समाजातला यूडीसी असेल तर त्याला विचारा, तो ओबीसींपेक्षा सुखी नसेल.

आता ती वही. जाड पुठ्ठ्याची, आडवी, रकाने आखलेली: बिंदू क्रमांक, प्रवर्ग, नाव, रुजू झाल्याची तारीख, माणूस स्वतः कोणत्या प्रवर्गातला, जागा कधी आणि का रिकामी झाली, शेवटी अधिकाऱ्याची सही. वही प्रामाणिकपणे लिहिलेली असेल तर तिच्यात वेगवेगळी अक्षरं असतात, शाई बदलत जाते, मधेच कोणी पेन्सिलीने 'आरआर (रिक्रूटमेंट रूल्स) तपासणे' असं लिहिलेलं असतं, खाडाखोडीवर आद्याक्षरं असतात. मी अशाही वह्या पाहिल्या आहेत की ज्यात पंधरा वर्षांच्या नोंदी एका पेनाने, एका अक्षरात, एका बैठकीत उतरवलेल्या. डीपीसीची तारीख ठरली की मागच्या रविवारी कोणीतरी बसून वही 'तयार' केलेली. अशा वहीत नववा बिंदू कुठे पडतो हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं. सुरुवातीला जी माणसं कामावर होती, त्यातला एक जरी गाळला, की पुढचे सगळे बिंदू एकाने सरकतात आणि दहावा माणूस नववा होतो.

म्हणून तुम्ही बघायच्या गोष्टी अशा. केडर कोणतं धरलंय: तुमच्या खात्यापुरतं, की अनेक खात्यांचं मिळून? हे रिक्रूटमेंट रूल्सवरून कळतं आणि पदसंख्या त्यावर ठरते. केडरची मंजूर पदं किती, भरलेली किती? बढतीचा कोटा आणि सरळ भरतीचा कोटा असे दोन असतील तर दोन रोस्टर वेगवेगळी ठेवलीत का? काही जण दोन्ही एकाच वहीत घालतात आणि मग आकडा कुठेच जुळत नाही. लायझन ऑफिसरने (आरक्षण नीट पाळलं जातं का हे बघणाऱ्या अधिकाऱ्याने) वही तपासून सही केली आहे का? त्या जागेच्या वर्षासाठी ठरलेल्या तारखेला त्या बाईंची यूडीसीतली सलग सेवा पुरी झाली होती का? डीपीसी उशिरा भरली तरी पॅनेल (निवडयादी) वर्षवार करायचं असतं, म्हणजे २०२२ च्या जागेला २०२२ मध्ये पात्र असलेलेच उमेदवार. हे मिसळलं जातं. आणि २०२२ च्या निकालाप्रमाणे हेडक्लार्क केडरची आकडेवारी खात्याने काढून ठेवली आहे का? केंद्राने त्यानंतर एप्रिल २०२२ मध्ये कार्यपद्धती ठरवून दिली. गोवा १९८७ पर्यंत केंद्रशासित होता आणि आपलं बरंचसं सेवाशास्त्र केंद्राच्याच नियमांवर चालतं, पण केंद्राचा आदेश निघाला की आपोआप इथे लागू झाला असं होत नाही. आपल्या कार्मिक खात्याचं परिपत्रक सोबत लागतं. ते मागा.

आधीच्या कोणी एसटी व्यक्तीला स्वतःच्या ज्येष्ठतेने हेडक्लार्क केलं असेल, तर वहीत तिला कुठे दाखवलं हेही बघा. अशा व्यक्तीला आरक्षित बिंदूवर मोजायचं की खुल्या, यावर देशभर बरीच कोर्टबाजी झाली आहे. असं नाव सापडलं तर वकिलाला सगळ्यांत आधी तेच पान दाखवा.

हे सगळं मी तुमच्या बाजूने सांगितलं. पण माझ्याकडे येणाऱ्या एसटी कर्मचाऱ्यांचे कागदही यातल्याच चुकांचे असतात, फक्त धक्का दुसऱ्या बाजूला बसलेला असतो. केप्याकडची एक बाई होती, खात्याचं नाव घेत नाही. वरच्या पदावर एसटी बिंदू रिकामा, तिला पात्र व्हायला दीड वर्ष बाकी. खात्याने त्या जागेवर ज्येष्ठ माणसाला 'अ‍ॅड हॉक' बढती दिली. त्यात गैर काही नाही, काम थांबू शकत नाही. पण ती सहा-सहा महिन्यांनी वाढत गेली. बाई पात्र झाली, तरी वाढतच गेली. तिने विचारलं तेव्हा सांगितलं, जागा भरलेली आहे. वहीत बघितलं तर त्या बिंदूसमोर ज्येष्ठ माणसाचं नाव, आणि प्रवर्गाच्या रकान्यात 'एसटी' खोडून 'खुला' केलेलं, खाली सही नाही. आरक्षित बिंदू बढतीत खुला करता येतो, पण त्याला प्रस्ताव लागतो, कारण लागतं, लायझन ऑफिसरचं मत लागतं. व्हाइटनर पुरत नाही. एक निवेदन आणि माहिती अधिकाराचा एक अर्ज एवढ्यात तिचं काम झालं. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, कारण अधिकाऱ्यांनाही ठाऊक होतं की ते पान न्यायाधीशांसमोर गेलं तर काय होईल.

तुमच्या पुढच्या वाटेसाठी एक मुद्दा या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. समजा त्यांची बढती बरोबर आहे. उद्या पुढची खुली जागा सुटली आणि तुम्ही हेडक्लार्क झालात, तर हेडक्लार्कच्या यादीत वर कोण? १९९५ च्या वीरपाल सिंग चौहान आणि १९९९ च्या अजित सिंग निकालांनी म्हटलं होतं की मागून बढती मिळालेला ज्येष्ठ आपली मूळ ज्येष्ठता परत मिळवतो, म्हणजे तुम्ही वर. २००१ च्या ८५व्या दुरुस्तीने राज्याला उलट करण्याची मुभा दिली: आरक्षणाने आधी वर गेलेल्याला त्या पदावरची ज्येष्ठताही द्यायची. पण ही पुन्हा मुभाच. राज्याने त्यासाठी नियम किंवा आदेश काढलेला नसेल, तर जुनाच नियम लागतो, असं २०१५ मध्ये तामिळनाडूच्या पनीरसेल्वम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. सुपरिंटेंडंटची पुढची बढती याच यादीवरून होणार. तुमची दहा वर्षं या एका ओळीवर ठरतील. हेडक्लार्कची तात्पुरती ज्येष्ठता यादी निघते तेव्हा हरकतींना मुदत दिलेली असते. ती मुदत लोक दवडतात आणि मग पाच वर्षांनी कोर्टात जातात. स्थिरावलेली ज्येष्ठता कोर्ट सहसा हलवत नाही.

कोर्टाचं बोलायचं तर राज्य कर्मचाऱ्यांना कॅट (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण) नाही. तुम्हाला जावं लागेल पर्वरीला, उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात, रिट घेऊन. त्या बाईंना प्रतिवादी करावंच लागेल. ज्याची बढती जाणार आहे त्याला न ऐकता कोर्ट काही करणार नाही. याचा अर्थ ज्यांच्या शेजारी बसता त्यांना बेलिफ समन्स देणार, याची तयारी मनाशी करा. वेळ महत्त्वाचा: बढतीविरुद्ध सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच सदाशिवस्वामी प्रकरणात म्हटलं आहे आणि ते वाक्य आजही वाचून दाखवलं जातं. निवेदनावर निवेदन देत राहिल्याने ही मुदत वाढत नाही. टिकणारे मुद्दे वर सांगितले: चुकलेला बिंदू, कोट्याबाहेर गेलेली संख्या, अपात्र उमेदवार, केडरची नसलेली आकडेवारी. 'त्यांच्या घरी सगळे नोकरीला आहेत, त्यांना गरज काय' हा मुद्दा लोक हमखास आणतात. २०१८ च्या निकालात न्यायालयाने क्रीमी लेयरचं तत्त्व एससी-एसटींनाही लागू करता येतं असं म्हटलंय, २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालातही काही न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने लिहिलंय. पण एससी-एसटींच्या बढतीसाठी तशी मर्यादा आज लागू नाही. तुमच्या एका रिटने ती लागू होणार नाही.

राहिला तिसरा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की त्या बाईंना 'आयतं मिळालं'. हे मला पटत नाही. त्या त्याच यूडीसीच्या टेबलावर बसल्या, त्याच नियमातली सेवेची वर्षं भरली, त्यांचे गोपनीय अहवाल आणि विजिलन्स क्लिअरन्स डीपीसीसमोर तसेच गेले जसे तुमचे गेले. त्यांना लागू झाला तो फक्त यादीतला क्रम. आरक्षणाने काम खालावतं का, याचा अभ्यासही झाला आहे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ ची आकडेवारी तपासली आणि आरक्षणामुळे उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. तुमच्या कचेरीत काय होईल ते तुम्ही दोघं ठरवाल. नवीन हेडक्लार्कला पहिले सहा महिने कोण साथ देतो यावर बरंच असतं, आणि जुना यूडीसी फाइल मुद्दाम अडवून ठेवतो हे वरच्यांना कळायला वेळ लागत नाही. ते तुमच्याच अहवालात उतरतं, आणि पुढच्या डीपीसीत तो अहवाल वाचला जाणार आहे. मॅडम म्हणायचं की नावाने, हे त्यांनाच विचारा. आपल्याकडे बहुतेक जणी म्हणतात, 'पूर्वीसारखंच म्हणा.'

पैशाचं एक राहिलं. तुम्ही २००४ चे. दहा, वीस, तीस वर्षांच्या एमएसीपीला (बढती न मिळताही ठरावीक सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनाला) रोस्टर लागत नाही, तो लाभ ज्याचा त्याला मिळतो. मधे मिळालेली यूडीसीची बढती त्यात कशी धरली ते सेवापुस्तकात बघा. हेडक्लार्क न होताही तुमचा पगार त्यांच्या पगारापासून तुम्हाला वाटतो तेवढा लांब नसेल. अन्यायाचा आकडा काढण्याआधी दोन्ही पे स्लिपांचे आकडे शेजारी ठेवा.

आता कामाला लागा. माहिती अधिकाराचा अर्ज खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. मागा: हेडक्लार्क केडरचं रोस्टर सुरुवातीपासून आजपर्यंत, केडरची मंजूर पदसंख्या, त्या डीपीसीचं इतिवृत्त आणि वर्षवार पॅनेल, लायझन ऑफिसरची तपासणी टिप्पणी, आणि ज्या परिपत्रकाच्या आधारे बढतीत आरक्षण दिलं ते परिपत्रक. दुसऱ्याचे गोपनीय अहवाल मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील आणि बाकीचा अर्जही रेंगाळेल. स्वतःचे मागा. तुमच्या एखाद्या वर्षाचा शेरा कमी असेल आणि तो तुम्हाला कळवलाच नसेल, तर २००८ च्या देव दत्त निकालाप्रमाणे तो वेगळा आणि भक्कम मुद्दा आहे, आणि माझ्या अनुभवात बरीच गाऱ्हाणी शेवटी तिथेच येऊन पोचतात. बढतीचा आदेश गेल्या महिन्यातला, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, पण चवथीच्या सुट्ट्यांत महिना कसा जातो कळत नाही. वहीच्या प्रती हातात आल्या की पहिलं पान आणि नववा बिंदू असलेलं पान इथे टाका, नावं झाकून. मग पुढचं बोलू.